भिंगरीने हलायचं नाही

६ मार्च

ताई,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते न फोडताच आरशामागे खोचून ठेवलं असतंस, म्हणून पत्ता भिंगरीच्या बाबांकडून लिहून घेतला. त्यांचं अक्षर बघून तुला विजेच्या ऑफिसची नोटीस आली असं वाटलं असेल. वाटू दे. फोडलंस ना, तेवढं पुरे.

मी भांडण मिटवायला लिहीत नाही. त्या नवरीच्या मामीसमोर तू म्हणालीस, "हिच्या हातात कात्री नाही, कुऱ्हाड आहे." ते अजून माझ्या घशात अडकलेलं आहे. नवरीचे केस कमी कापले गेले की जास्त, यावर मी आजही वाद घालू शकते. तू आपलं दोघींचं पार्लर सोडून इतक्या लांब जाऊन दुसरं थाटलंस, माझा नंबर बंद करून टाकलास, तेही राहू दे. काम वेगळंच आहे.

भिंगरीच्या डोक्यात गाठ निघाली.

रोज सकाळी उठली की उलटी. आधी जंताचं औषध दिलं, मग पित्ताचं. मग ती भिंतीला हात लावून चालायला लागली, तर सगळे म्हणाले चष्मा लागला असेल. चष्मेवाल्याने डोळ्यांत बघितलं आणि हातातलं काम टाकून तो स्वतः आमच्याबरोबर रिक्षापर्यंत आला. म्हणाला, हे माझं काम नाही, आजच्या आज मोठ्या दवाखान्यात न्या. आजच्या आज म्हणजे काय, डोक्याचा फोटो काढायचं मशीन आमच्याकडे नाही. ते जिथे आहे तिथे डोक्याचा सर्जन नाही. असं करत करत शेवटी या शहरात पोचलो.

ऑपरेशन झालं. डोळ्यांना दिसली तेवढी गाठ सगळी काढली, असं डॉक्टरबाई म्हणतात. पण न दिसणारं काही राहिलं असेल, म्हणून आता डोक्याला आणि पाठीच्या कण्याला किरण द्यायचे. आठवड्यातले पाच दिवस, दीड महिना.

घोडं इथे अडलंय. किरण देताना तिने एकटीने बंद खोलीत झोपायचं आणि अजिबात हलायचं नाही. दुसरीकडे एवढ्या लहान मुलांना रोज झोपेचं इंजेक्शन देतात म्हणे. इथे लहान मुलांना भूल देणारा एकच डॉक्टर आहे आणि तो सकाळपासून ऑपरेशनमध्ये अडकलेला असतो. किरणांचं मशीन तळघरात. तिथवर तो उतरतच नाही. भूल देऊन किरण देतात ते ठिकाण अजून लांब आहे आणि तिथली रांग संपेपर्यंत पुढचे कितीतरी महिने जातील. डॉक्टरबाई सरळ बोलणाऱ्या आहेत. म्हणाल्या, ऑपरेशननंतर किरणांना फार उशीर झाला तर ऑपरेशनचा उपयोग राहणार नाही. मुलगी जागेपणी झोपून राहिली तर इथेच करू. नाही राहिली तर चिठ्ठी देते, तिकडच्या रांगेत लागा.

आमची भिंगरी खुर्चीत बसली तर खुर्ची हलते, हे तुला सांगायला नको.

म्हणून विचारते. पार्लरमध्ये लहान मुलांचे केस तूच कापायचीस. कानाला कात्री लागलेली असायची आणि पोर जागचं हलायचं नाही. तेच पोर माझ्याकडे आलं की गल्लीच्या टोकापर्यंत बोंब. तू वाकून त्यांच्या कानात काहीतरी बोलायचीस, एवढं मी आरशात बघितलं आहे. काय बोलायचीस? ते मला लिहून पाठव. खाली इथला पत्ता दिला आहे. दवाखान्यामागच्या नातेवाइकांच्या खोल्यांमध्ये आम्ही राहतो.

फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला तर मी रडेन नाहीतर भांडेन, आणि इथे दोन्हींना जागा नाही.

तुझी धाकटी


१३ मार्च

ताई,

तुझं पत्र आलं नाही. पोस्टाला उशीर होतो, असं मी धरून चालते.

इथे सराव चालू आहे. दुपारी खोलीत बाकी कोणी नसलं की जमिनीवर चादर टाकते, भिंगरीला उताणी झोपवते आणि दाराबाहेर जाऊन उभी राहते. दाराला फट आहे, तिथून बघते. पहिल्यांदा ती नाक खाजवते. मग पाय. मग मी दिसते का म्हणून मान वळवते. मान वळली की सगळं संपलं.

मी तुझी नक्कल करून पाहिली. कानात वाकून राजकन्येची गोष्ट सांगितली. राजकन्या झोपली होती, हलत नव्हती वगैरे. भिंगरीने विचारलं, तिला शू लागली तर? आता याचं उत्तर तुझ्या गोष्टीत असेल तर तेही लिही.

काल मास्क बनवला. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करतात, चेहऱ्यावर ताणून बसवतात आणि गार होईपर्यंत दाबून धरतात. मग ती कडक होते आणि त्या एका माणसालाच बसते, दुसऱ्या कोणाला नाही. किरण देताना तो मास्क चेहऱ्यावर घालून पलंगाला अडकवतात, म्हणजे डोकं तसूभरही सरकत नाही. मशीन चालवणारा एक मुलगा आहे, सगळे त्याला दादाच म्हणतात, त्याने भिंगरीला आधी जाळी हातात घेऊ दिली. गरम पावासारखी लागते म्हणाली. चेहऱ्यावर आली तेव्हा मात्र तिने जे रडायला घेतलं ते बाहेरच्या रांगेतली माणसं उठून उभी राहिली. मी तिचे दोन्ही पाय धरून ठेवले आणि म्हणत राहिले, झालंच, झालंच, दोनच मिनिटं. झालं एकदाचं. मास्क बनला, त्यावर खुणा केल्या, फोटो काढले. आता कुठून किती किरण द्यायचे याचा हिशेब त्यांचे लोक मांडतात, त्याला वेळ लागतो.

डॉक्टरबाईंनी ते रडणं ऐकलं होतं. जाताना थांबून एवढंच म्हणाल्या, "आज चौघांनी धरून ठेवलं. त्या दिवशी आत कोणीच नसेल."

रात्री मला जेवण गेलं नाही. तू लिही गं.

धाकटी


१९ मार्च

ताई,

सगळं छान चाललंय.

भिंगरीचा जीव आता सरावात रमला आहे. परवा बराच वेळ निपचित पडून राहिली. मी आनंदाने आत गेले तर झोप लागलेली. तरी काय झालं, हललं नाही हे महत्त्वाचं. तिचे बाबा रविवारी टेम्पो घेऊन आले होते, सामान उतरवून परस्पर इकडे वळले. ते तिच्या शेजारी उताणे झोपले आणि कोण आधी हलतं अशी पैज लावली. तेच आधी हलले. टेम्पो चालवणाऱ्या माणसाला कमरेचं दुखणं असतं, त्यात त्यांचा दोष नाही.

उद्या पहिला दिवस. हिशेब तयार झाला, वेळही मिळाली.

तुझं उत्तर आलं नाही त्याचं मला काही नाही. मी माझ्या परीने तयारी केली आहे. आज तिचे केसही कापले. मागची पट्टी ऑपरेशनच्या वेळी गेलीच होती, वरचं रान तेवढं राहिलं होतं. किरण सुरू झाले की ते गळणारच. आपल्याकडे यायच्या त्या शिक्षिका आठवतात ना, उशीवर केसांचे पुंजके बघून ज्यांनी आरशात बघणं सोडलं होतं? भिंगरीवर ती पाळी यायला नको, असं मी ठरवलं होतं. कात्री माझ्या पिशवीत होतीच. बारीक कापले, मग मशीन फिरवलं, अगदी एकसारखे, टाळूपर्यंत. इतकं नीट काम मी कित्येक दिवसांत केलं नव्हतं. तू बघितलं असतंस तर तोंडात बोट घातलं असतंस.

आरसा दाखवला तर म्हणाली, मी बाबांसारखी दिसते. तिच्या बाबांना हे सांगितलं नाही.

उद्या संध्याकाळी लिहिते.

धाकटी


२१ मार्च

ताई,

काल लिहिणार होते. लिहवलं नाही.

मास्क बसला नाही. म्हणजे बसला, पण सैल. दादाने अडकवला आणि भिंगरीने आतल्या आत मान वळवली. जाळी जागच्या जागी आणि आत माझी मुलगी इकडेतिकडे बघतेय. दादाने पुन्हा काढला, पुन्हा घातला, कपाळापाशी बोट घालून पाहिलं. मग त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "केस कुठे गेले?"

तिचे ते दाट केस, ताई. आपण दोघींनी तेल लावून लावून वाढवलेले, गिऱ्हाइकांना दाखवायला पुढे बसवायचो ते. मास्क त्या केसांवर बनला होता. मी ते काढले आणि खालचं डोकं लहान झालं. इतकी वर्षं केसांत हात आहेत माझे, केसांना जाडी असते हे मला कोणी सांगायला हवं होतं का? पण मला सुचलंच नाही. मला फक्त गळणारे पुंजके दिसत होते.

मी दादाला म्हणाले, तुम्ही सांगायला हवं होतं. तो म्हणाला, आम्ही सांगतो की वजन वाढू देऊ नका, खुणा पुसू देऊ नका. केसांबद्दल सांगायची वेळच येत नाही, कारण लोक ते गळेपर्यंत हात लावत नाहीत. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

आता मास्क नवा, फोटो नवे, हिशेब नवा. आमची वेळ गेली. मशीन एकच आहे आणि आमच्या मागे रांग आहे, त्यांना मागे ढकलून आम्हाला पुढे घेता येत नाही. डॉक्टरबाईंनी कॅलेंडरवर ऑपरेशनच्या तारखेपासून बोट फिरवत आणलं आणि एका जागी ठेवलं. इथपर्यंत सुरू व्हायला पाहिजे, म्हणाल्या. मग म्हणाल्या की नवा मास्क करताना जर ती पुन्हा तशीच रडली, तर मशीनचा दिवस त्या आम्हाला देणार नाहीत, तिकडची चिठ्ठी देतील. कारण दोन्ही दारांत उभं राहून शेवटी कुठल्याच दारातून आत जाता येत नाही असं त्यांनी खूप आयांच्या बाबतीत बघितलं आहे.

भिंगरीच्या बाबांना फोनवर सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, तू जेवलीस का. मला ओरडले असते तर मी सहन केलं असतं.

आता म्हण तू, हातात कुऱ्हाड आहे. म्हण. मी ऐकून घेईन. पण त्या मुलांच्या कानात काय सांगायचीस ते लिही. मागच्या पत्रात सगळं छान आहे म्हणाले होते, ते खोटं होतं. ती एकदाही पूर्ण वेळ पडून राहिलेली नाही. झोप लागली होती ती औषधाची होती. मला भीती वाटते. सकाळी तिला उलटी झाली की गाठ परत आली असं वाटतं आणि नाही झाली तरी मी वाट बघत बसते.

धाकटी


३० मार्च

ताई,

तुझं पत्र आलं. तुझ्या पत्राची लांबी बघून वाटलं, पोस्टकार्डावर शाईचं रेशनिंग आहे. पण मी ते इतक्या वेळा वाचलंय की मला पाठ झालं आहे. भिंगरीलाही वाचून दाखवलं, मधली दोन वाक्यं गाळून.

तू लिहिलंस, "गोष्टबिष्ट काही नव्हती. गोष्ट सांगितली की मूल मान वर करून विचारतं, पुढे काय. मी एवढंच सांगायचे, बोट वर केलंस की कात्री थांबेल. आणि थांबवायचे. अर्धी बट हातात असली तरी थांबवायचे. पहिल्यांदा सगळी पोरं उगीचच बोट वर करतात. तेव्हा थांबलं की झालं."

आणि गाळलेली दोन. "तू थांबायची नाहीस. तू झालंच, झालंच म्हणत कापत राहायचीस, आणि पोरांना कळायचं की ही खोटं बोलते."

आधी मला राग आला. मग आठवलं की मास्कच्या वेळी तिचे पाय धरून मी नेमकं हेच म्हणत होते.

त्याच दुपारपासून सुरुवात केली. चादर, भिंगरी उताणी, मी दारात. बोट वर केलं की मी आत येणार. तिने लगेच केलं. मी आत आले. काय गं? काही नाही. पुन्हा बाहेर. पुन्हा बोट. मी पुन्हा आत. माझ्या गुडघ्यांचा पार भुगा झाला, पण मी एकदाही "थांब जरा" म्हणाले नाही. दुसऱ्या दिवशी बोटं कमी झाली. आज दुपारी तर ती तशीच पडून छताकडे बघत होती आणि मीच कंटाळून आत गेले. मला म्हणाली, मी बोलावलं नव्हतं.

पण माझ्या थांबण्याने काय होणार? थांबायला हवं ते मशीन. म्हणून मी दादाला गाठलं. तो डबा खात होता, त्याला तसाच खाऊ दिला आणि विचारलं, मशीन मध्येच थांबवता येतं का. तो म्हणाला, येतं की. बाहेर पडद्यावर ती दिसत असते, ती हलली की मी बटण सोडतो आणि किरण बंद होतात. तिचा आवाजही ऐकू येतो, आपलाही आत जातो. म्हटलं, हलल्यावर नाही, हलण्याआधी. तिने नुसतं बोट वर केलं तर? तो जरा वेळ चावत राहिला. म्हणाला, मावशी, बाहेर एवढी माणसं बसलेली असतात, मशीन रात्री उशिरापर्यंत चालतं. प्रत्येक बोटाला थांबलो तर शेवटच्या माणसाला घरी जायला गाडी मिळत नाही.

ते खरंच आहे. त्या रांगेत मीही बसते, मला ते चेहरे माहीत आहेत. तरी मी म्हणाले, पहिल्यांदा तरी थांब. ती पहिलं बोट उगीचच वर करेल. तेव्हा थांबलास तर पुढे थांबावं लागणार नाही. त्याने विचारलं, हे कोणी सांगितलं? मी म्हणाले, माझ्या थोरल्या बहिणीने, ती यातली मोठी तज्ज्ञ आहे. कसली तज्ज्ञ हे त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तो एवढंच म्हणाला, "बघतो. शब्द देत नाही."

काल नवा मास्क झाला. ती रडली, पण आवाज न करता. मी पायांना हात लावला नाही. दादाने जाळी टाकण्याआधी तिला विचारलं, टाकू? ती हो म्हणाली. डॉक्टरबाई दारात उभ्या होत्या. संध्याकाळी निरोप आला की वेळ दिली आहे. त्या बोट ठेवलेल्या तारखेच्या आतली.

यावेळी मी कात्री पिशवीतून काढून भिंगरीच्या बाबांबरोबर घरी पाठवून दिली.

धाकटी


३ एप्रिल

ताई,

आज झालं. सांगते, मध्ये टोकू नकोस.

सकाळपासून तिने काही खाल्लं नाही, मीही नाही. तळघराच्या बाकावर आमच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी भिंगरीला विचारलं, तू कोणाबरोबर आलीस? ती म्हणाली, ही माझ्याबरोबर आली आहे. सगळे हसले. मला हसता आलं नाही. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, आमच्यामुळे तुमची गाडी चुकणार आहे, मला माफ करा.

आत नेलं. पलंग उंच असतो, थंड असतो, तिच्या मानाने फार रुंद. दादाने मास्क घातला. बसला, ताई. कपाळापाशी बोटही जाईना. मी वाकले तर जाळीतून तिचे डोळे दिसत होते, आणि इतके दिवस पाठ केलेलं सगळं मी विसरले. तोंडावर आलं होतं, झालंच, दोनच मिनिटं. ते गिळलं. तिला सांगितलं, बराच वेळ लागेल. मी दाराबाहेर आहे. बोट वर केलंस की दादा थांबवेल.

म्हणाले खरी. पण शब्द त्याने दिलेला नव्हता.

मग ते दार बंद झालं. तसलं जाड दार मी कधी बघितलं नव्हतं, बंद होताना आवाजसुद्धा होत नाही. बाहेर दादा खुर्चीत, समोर पडदे, मी त्याच्यामागे उभी. पडद्यावर भिंगरी एवढीशी दिसत होती. चेहरा दिसतच नव्हता, नुसती जाळी आणि अंगाला चिकटवलेले दोन हात. मशीन तिच्याभोवती फिरलं आणि थांबलं. दादाने माझ्याकडे न बघता बटण दाबलं. वर लाल दिवा लागला.

डॉक्टरबाईंनी कालच मला बसवून सांगितलं आहे की हे सगळं सुरळीत पार पडलं तरी गाठ परत येणार नाही असं कोणी लिहून देऊ शकत नाही. ते मला कळलं आहे. पण त्या वेळी मला पुढचं काही नको होतं. तिने पडून राहावं, एवढंच हवं होतं.

आणि तिने बोट वर केलं.

उजव्या हाताची तर्जनी, सरळ. बाकी अंग जिथल्या तिथे. मी दादाच्या पाठीकडे बघितलं. बाहेरच्या बाकावर कोणीतरी खोकलं. मला ओरडायचं होतं. मी हिला शब्द दिलाय, त्याने नाही दिला, आणि हिने एवढ्या लहान वयात एकदा माझं खोटं पकडलं आहे. आता पकडलं तर उद्यापासून ती या खोलीत पाऊल टाकणार नाही.

लाल दिवा विझला. दादाने बटण सोडलं होतं.

त्याने माइक ओढला. "काय झालं गं? दुखतंय?"

जाळीमुळे तिला तोंड उघडता येत नाही. दातांतून आवाज आला, पण स्पष्ट आला. "काही नाही. खरंच थांबतं का ते बघत होते."

दादा माझ्याकडे वळला. मी भिंतीला टेकले होते. त्याने पुन्हा माइकमध्ये विचारलं, "मग? थांबलं का?"

"हो," भिंगरी म्हणाली. तिने बोट खाली घेतलं, पलंगावर नीट टेकवलं. "आता करा."

दादाने बटण दाबलं. ती शेवटपर्यंत हलली नाही.

धाकटी